साध्या वडीशी सामना

दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईत बचतगटांची प्रदर्शनं भरतात. भाजणी, पणत्या आणि आकाशकंदिलांच्या रांगेत गेल्या काही वर्षांत साबणाची टेबलंही दिसू लागली आहेत. कोकम, डाळिंब, पपई, संत्रं, जांभूळ, फळबागेत जे पिकतं त्याची वडी तिथे मिळते. वड्या देखण्या असतात, सुतळीने बांधलेल्या असतात आणि लेबलवर तीन शब्द हमखास सापडतात: नैसर्गिक, रसायनविरहित, अँटिबॅक्टेरिअल.

यातला ‘रसायनविरहित’ एका दमात निकालात काढता येतो. तेलावर कास्टिक सोड्याची क्रिया झाल्याशिवाय साबणाची वडी पडत नाही, आणि कास्टिक हे चांगलंच जहाल रसायन आहे. ‘नैसर्गिक’वर वाद घालण्यात अर्थ नाही, तो शब्द आता कुणाचाच राहिलेला नाही. तिसरा शब्द मात्र तपासून बघण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्य आहे. डाळिंबाच्या सालीचा अर्क जंतूंची वाढ रोखतो. पेरूचं पान, आंब्याची साल, कोकमाचं फळ यांच्याबद्दलही असे निष्कर्ष ढिगाने मिळतात. तेव्हा प्रश्न असा की सालीतला गुण वडीत टिकतो का, आणि टिकलाच तर त्या वडीने हात धुणाऱ्याला साध्या वडीपेक्षा काही जास्त मिळतं का. पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. दुसरा प्रश्न फार कमी जण विचारतात.

*

सोलापूर ही डाळिंबाची पेठ. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५पासून इथेच आहे, सोलापुरी डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फळाच्या वजनात सालीचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. रस काढणाऱ्याच्या दारात म्हणूनच सालीचा ढीग पडलेला असतो. रसायनशास्त्राच्या किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी याहून स्वस्त कच्चा माल मिळायचा नाही, आणि म्हणूनच ‘डाळिंबाच्या सालीचा साबण’ हा विषय कॉलेजांमध्ये इतका आवडता आहे.

शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे काम चालू असताना पाहायला मिळालं. एम.एस्सी.च्या तीन मुली, एक मुलगा, आणि मधूनमधून डोकावणाऱ्या मॅडम. साली सावलीत वाळवायच्या, कडक झाल्या की मिक्सरमधून काढायच्या, चाळायच्या. पूड ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, अधूनमधून हलवायची, मग गाळून अल्कोहोल मंद आचेवर उडवून टाकायचं. तळाशी उरतो तो काळपट तपकिरी, चिकट गोळा. जिभेला लावला तर टाळा आवळून येतो, असं तिथल्या एकीने सांगितलं. मॅडमनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं हा नियम तिथे पाळला जात असावा, निदान कागदावर.

जीभ आवळणारा तो गुण टॅनिनचा. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं मोठं थोरलं टॅनिन असतं. टॅनिनं प्रथिनांना धरून ठेवतात, लोहासारखी खनिजं बांधून टाकतात आणि जंतूच्या पेशीपृष्ठाचं काम बिघडवतात. झाड हे सगळं आपल्यासाठी करत नाही. पिकायच्या आधी बुरशीने आणि किड्याने बी खाऊ नये म्हणून ते सालीत विष साठवतं. आपल्याकडे जुलाबावर डाळिंबाची साल देतात, रंगारी हिरड्याबरोबर तीच साल रंग पक्का करायला वापरत, हे याच आवळून धरण्याच्या गुणावर.

आता जंतू. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून किंवा चंडीगडच्या संग्रहातून ओळखपाळख पक्की असलेले जंतू मागवता येतात. साबणाच्या कामात दोन ठरलेले असतात. एक स्टॅफिलोकोकस ऑरियस, आपल्या नाकात आणि कातडीवर मुक्काम करणारा, संधी मिळाली की गळू करणारा. दुसरा ई. कोलाय, आतड्यातला. दोघं दोन घराण्यांतले म्हणून निवडलेले. स्टॅफला जाड भिंत असते पण बाहेरून आवरण नसतं. ई. कोलायच्या भिंतीबाहेर आणखी एक चरबीयुक्त पडदा असतो आणि तो पुष्कळ वनस्पतिजन्य द्रव्यांना आत शिरू देत नाही. त्यामुळे बहुतेक फळांचे अर्क स्टॅफवर रुबाब दाखवतात आणि ई. कोलायपुढे नरम पडतात.

चाचणीची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. जंतूंचं पाणी एका ठरावीक गढूळपणाच्या नळीशी ताडून घ्यायचं. तेवढ्या गढूळपणाला मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जंतू भरतात. कापसाच्या बोळ्याने ते अगरच्या प्लेटवर तीन दिशांनी सारवायचं. पोकळ नळीने अगरला ६ मिलिमीटर व्यासाची भोकं पाडायची, त्यांत मोजून द्राव सोडायचा आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी प्लेटभर जंतूंची दुधट साय आलेली असते आणि औषध जिथवर झिरपलं तिथवर भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. हे वर्तुळ म्हणजे झोन. तो पट्टीने मोजायचा, वहीत लिहायचा.

त्या दिवशी इनक्युबेटरमधून निघालेल्या प्लेटवर चार भोकं होती. एकात नुसता अर्क, दुसऱ्यात अर्काच्या वडीचं पाणी, तिसऱ्यात अर्क ज्यात विरघळवला तो डायमिथिल सल्फॉक्साइड, आणि चौथ्यात त्याच तेलांची, त्याच दिवशी ओतलेली, पण अर्क न घातलेली वडी. बाजूला प्रतिजैविकाची चकती. अर्काभोवती मोठा झोन होता, अपेक्षेप्रमाणे. अर्काच्या वडीभोवतीही झोन होता. साध्या वडीभोवतीसुद्धा होता, आणि दोन वड्यांमधला फरक पट्टीवर दाखवायला मुलाला डोळे बारीक करावे लागले. “मॅडम, हा तर साबणाचाच झोन आहे,” तो म्हणाला.

तो बरोबर बोलत होता. वडीत खोबरेल होतं. खोबरेलाच्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, आणि लॉरिक आम्ल व त्याचा साबण दोन्ही स्टॅफला जड जातात. शिवाय साबणाचं पाणी अल्कधर्मी, पीएच ९ ते १० च्या घरात. जंतूला तेही मानवत नाही. म्हणजे काहीही न घातलेली खोबरेलाची वडी या प्लेटवर ‘अँटिबॅक्टेरिअल’ ठरतेच. चौथं भोक पाडलंच नसतं तर सगळं श्रेय डाळिंबाला गेलं असतं. अनेक प्रकल्प-अहवालांत ते भोक नसतं. तुलना उकळलेल्या पाण्याशी केलेली असते, निष्कर्ष झकास येतो आणि अहवालाला मार्कही चांगले पडतात.

*

सालीचा गुण गेला कुठे, याचं उत्तर बरंचसं साबणाच्या भांड्यात मिळतं.

घरगुती साबण थंड पद्धतीने होतो. एक किलो खोबरेलाचा पुरता साबण व्हायला १८३ ग्रॅमच्या आसपास कास्टिक लागतं. कोकमाच्या तुपाला याहून बरंच कमी. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा, म्हणून तक्ता भिंतीवर चिकटवलेला असतो. जाणकार कास्टिक हिशेबापेक्षा थोडं कमीच घेतात, म्हणजे वडीत थोडं तेल तसंच राहतं आणि कातडी ओढल्यासारखी वाटत नाही. कास्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कास्टिकवर ओतायचं नाही. उलट केलं तर उकळून अंगावर येतं. तेल आणि हे पाणी ब्लेंडरने घोटत राहिलं की मिश्रण श्रीखंडाइतकं दाट होतं, मग ते साच्यात ओततात. दुसऱ्या दिवशी वडी कापता येते, पण वापरायला चार ते सहा आठवडे थांबावं लागतं.

अर्क घालतात तो दाट होण्याच्या क्षणी, आणि तेव्हा मिश्रण कमालीचं अल्कधर्मी असतं. प्युनिकॅलाजिनसारखी टॅनिनं अल्कलीत फुटतात, हवा लागली की काळवंडतात. मूळ रेणू मोडून एलॅजिक आम्लासारखे तुकडे उरतात. डाळिंबाच्या वडीला जो मातकट चॉकलेटी रंग येतो, गिऱ्हाइकाला जो ‘अस्सल’ वाटतो, तो बऱ्याच अंशी या मोडतोडीचा रंग आहे.

कोकमाचं तर आणखी उघड आहे. कुडाळच्या बाजूला साबण करणाऱ्या बायकांच्या एका गटात गेलो तेव्हा तिथल्या काकींनी पहिली तक्रार रंगाचीच सांगितली. “आगळाचो रंग ह्येच्यात टिकणा नाय.” सोलकढीला गुलाबी करणारं आगळ साबणात पडलं की आधी निळसर-हिरवट होतं आणि मग मळकट. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनांचा. ती आंबट द्रावणात लाल राहतात, अल्कलीत रंग पालटतात आणि नासतात. हळदीत चुना कालवला की ती लाल होते हे आपल्या घराघरांत माहीत आहे, पण हळदीच्या पिवळ्या साबणाची अपेक्षा ठेवणारे तरीही पुष्कळ भेटतात. ताजा गर घालणाऱ्यांची फजिती याहून मोठी. गरातल्या साखरेने मिश्रण इतकं तापतं की कधी साच्यातून वर उतू येतं, आणि पुढे वडीवर खवट तपकिरी ठिपके उठतात.

त्या काकींनी मग आगळाचा नाद सोडला. आता त्या वडीत कोकमाच्या बियांचं तूप घालतात. त्या भागात त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. पूर्वी घरोघर बिया कुटून, उकळून, वर आलेलं तूप मुठीत वळून ठेवत आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावत. ते ३८-४० अंशांपर्यंत घट्ट राहतं, त्यात स्टीअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्यामुळे वडी कठीण होते, मोरीत लिबलिबत नाही. जंतूंशी याचा काही संबंध नाही. पण फळापासून साबणाला खरोखर काय मिळतं, असं विचारलं तर माझ्या मते पहिलं उत्तर हे तूप आहे, अर्क नंतर.

कॉलेजातली मुलं हा कास्टिकचा घोळ टाळण्यासाठी बाजारातला तयार ग्लिसरीन बेस आणतात. तो ६० अंशांच्या आसपास वितळवून अर्क ढवळतात आणि साच्यात ओततात. तासाभरात वडी तयार. यात टॅनिनांचे हाल कमी होतात हे खरं, पण बेसही अल्कधर्मीच असतो आणि वडी महिनोन् महिने कपाटात राहते. ओतल्या दिवशी केलेली चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करून पाहणारा प्रकल्प दुर्मीळ. प्रकल्पाची मुदतच तेवढी नसते.

*

झोनची पद्धत साबणाला मुळातच फारशी जुळत नाही, हेही सांगायला हवं. ती प्रतिजैविकांसाठी रुळली. औषध रात्रभर अगरमधून झिरपत जातं, जंतू रात्रभर त्याला तोंड देतात. साबण हातावर किती वेळ असतो? पोराला विचारलं तर पाच सेकंद, मन लावून धुणाऱ्याचे वीस-तीस. मग त्याच्यावर पाणी पडतं. शिवाय टॅनिनचे मोठे रेणू अगरमधून हळू सरकतात, त्यामुळे अर्कावर अन्याय होतो. साबणाचं पाणी अगरमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी भिडून पांढरट साका धरतं आणि झोनची कड धूसर होते. प्रतिजैविकाच्या चकतीचा झोन आणि अर्काचा झोन शेजारी मांडून ‘आमचा साबण औषधाच्या तोडीचा’ म्हणणं तर निव्वळ चूक. झिरपण्याचा वेग वेगळा असलेल्या दोन गोष्टींची ती तुलना आहे.

साबणाची खरी परीक्षा वेगळी असते. साबणाच्या पाण्यात मोजके जंतू सोडायचे, तीस सेकंदांनी किंवा मिनिटाने त्यातला थेंब लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट असलेल्या द्रावात टाकून साबणाचं काम तिथेच थांबवायचं आणि मग जिवंत किती उरले ते मोजायचं. हे थांबवणं विसरलं तर साबण प्लेटवर जाऊनही काम करत राहतो आणि आकडा फुगतो. त्यापुढची पायरी माणसाच्या हातांवर. युरोपीय मानक ईएन १४९९मध्ये स्वयंसेवकांचे हात ई. कोलायच्या एका निरुपद्रवी वाणात बुडवतात, धुवायला लावतात आणि बोटांच्या टोकांवर राहिलेले जंतू मोजतात. तुलनेला काय असतं? जवसाच्या तेलाचा साधा मऊ साबण. नव्या मालाला त्या साध्या साबणापेक्षा सरस ठरावं लागतं. सोलापुरातलं चौथं भोक ते हेच.

जाहिरातीतल्या ९९.९ टक्क्यांचा हिशेबही इथेच करून टाकू. दहा लाखांतले ९९.९ टक्के गेले की एक हजार उरतात. ई. कोलायला पोषण आणि ऊब मिळाली तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे हजाराचे पुन्हा दहा लाख व्हायला साडेतीन तासही लागत नाहीत. हातावर एवढी चैन नसते, पण आकडा ऐकून दबून जायचं कारण नाही, इतकं यातून कळावं.

*

साध्या वडीशी सर्वांत मोठा सामना प्रयोगशाळेत झाला नाही. तो कराचीच्या झोपडवस्त्यांत झाला. स्टीफन ल्युबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही घरांना साधा साबण दिला, काहींना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बन घातलेला, आणि दोन्ही गटांना हात धुण्याचं महत्त्व घरोघर जाऊन सांगितलं. उरलेल्या वस्त्यांत असं काही केलं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २००५मध्ये निकाल छापून आले. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांमधली हगवण ५३ टक्क्यांनी उतरली, कातडीवरचे पू भरलेले फोडही कमी झाले. आणि साधा साबण व औषधी साबण यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

औषधी साबणाचा धंदा मात्र तोवर शंभरी ओलांडून गेला होता. जोसेफ लिस्टर यांनी १८६५मध्ये ग्लासगोत जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरलं आणि त्या शतकाच्या अखेरीस लाल कार्बोलिक साबण घराघरांत पोचला. पुढे हेक्झाक्लोरोफिन आलं. १९७२मध्ये फ्रान्समध्ये एका बाळ-पावडरीत चुकून ते जास्त पडलं आणि ३६ मुलं दगावली. त्याच वर्षी अमेरिकेने त्याच्यावर कडक निर्बंध आणले. त्याची जागा ट्रायक्लोसानने घेतली. ते सगळं काही एकदम जाळून टाकणारं विष आहे असं समजलं जात होतं. १९९८मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने दाखवलं की ते जंतूच्या मेद बनवणाऱ्या एका ठरावीक एन्झाइमवर नेम धरतं. नेम ठरलेला असला की जंतू तो चुकवायला शिकतो.

अखेर सप्टेंबर २०१६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती हात-अंग धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून १९ द्रव्यांना मनाई केली. दवाखान्यातले साबण यातून वगळले. कारण असं दिलं की रोजच्या वापरात ही द्रव्यं साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक काही करतात आणि वर्षानुवर्षं वापरली तरी अपाय करत नाहीत, हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांना जे दाखवता आलं नाही ते लेबलवर चार अक्षरं छापून आपण दाखवलं असं बचतगटांनी समजू नये, आणि त्यांना तसं समजायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी तर मुळीच नाही.

साधा साबण मग करतो तरी काय? मुख्यतः तो जंतूंना सोडवतो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि चोळलं की मळासकट जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. चरबीचं वेष्टन असलेल्या विषाणूंचं तर तो वेष्टनच फोडतो. करोनाच्या साथीत वीस सेकंदांचा जप झाला तो त्यामुळेच. वाहून गेलेला जंतू मेला की जिवंत राहिला याने हात धुणाऱ्याला फरक पडत नाही.

*

हे सगळं कुडाळला सांगितलं तेव्हा गटातल्या हिशेब ठेवणाऱ्या वहिनींनी रोखठोक विचारलं की मग लेबलावर लिहायचं काय. कायद्याच्या बाजूने उत्तर असं: अंगाचा साबण हे आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन, विक्रीसाठी करायचा तर २०२०च्या नियमांनुसार राज्याचा परवाना लागतो, घरच्या गॅसवर केला तरी. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा चालत नाही. भारतीय मानकांत अंगाच्या साबणाचे दर्जे ठरतात ते त्यातल्या एकूण मेदद्रव्यावर, पहिल्या दर्जाला किमान ७६ टक्के. कुठल्या फळाचा अर्क घातला याचा या दर्जाशी संबंध नाही.

वहिनींनी शिल्लक लेबलं संपेपर्यंत ‘अँटिबॅक्टेरिअल’वर पांढरी पट्टी चिकटवायचं ठरवलं. नव्या लेबलांवर खोबरेल, कोकमाचं तूप, वजन, तयार केल्याची तारीख आणि परवान्याचा क्रमांक येणार आहे. गिऱ्हाईक तुटेल की काय, अशी धास्ती त्यांना आहे. प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर तो शब्द असेल आणि आपल्या टेबलावर नसेल, ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

सोलापूरच्या मुलांनी मात्र सालीला सोडलेलं नाही. अल्कली हीच तिची वैरीण असेल तर अल्कली काढून टाकू, असं त्यांचं म्हणणं. साबण नसलेल्या, खोबरेलापासूनच केलेल्या पण आम्लाकडे झुकणाऱ्या सौम्य द्रव्यांच्या वड्या बाजारात मिळतात, त्यांचा पीएच कातडीच्या जवळपास, साडेपाच-सहाच्या घरात ठेवता येतो. त्या बेसमध्ये टॅनिन अधिक काळ शाबूत राहायला हवं. दोन थप्प्या ओतून झाल्या आहेत, एक अर्काची आणि एक बिनअर्काची. यावेळी प्लेटला भोकं पाडायची नाहीत, तीस सेकंदांनी क्रिया थांबवून जिवंत जंतू मोजायचे, असं मॅडमनी बजावलं आहे. लेसिथिनची बाटली मागवली आहे. मोजणी दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि तीच मोजणी त्याच वड्यांवर पुन्हा उन्हाळ्यात.